बिनधुराचा माल

खुर्ची सकाळीच बाहेर आली होती. म्हणजे आज रस्ता होणार होता आणि तात्या कुणाचंही ऐकणार नव्हते.

खुर्ची तशी साधीच. लाकडी, हात नसलेली, पायांची टोकं झिजून बारीक झालेली. पण या घरानं टाकलेला एकूण एक रस्ता तिनं पास केला होता. रोलर फिरून गेला, डांबराचा माल निवला, की तात्या ती रस्त्याच्या मधोमध मांडून तिच्यावर चांगले ऐसपैस बसत. निवांत चहा पीत. मग उठून, कमरेवर हात ठेवून, वाकून बघत. पायांचे खड्डे उमटले नसतील तर म्हणत, "खुर्ची घरात न्या." उमटले असतील तर काहीच बोलत नसत, आणि सगळे मुकाट्यानं पहारी आणायला जात. सरकारी मोजमापं काय व्हायची ती त्यानंतर.

आत्या हे सगळं वर मिक्सरच्या केबिनमधून बघत होती. तात्यांची ही मधली लेक. थोरल्या दादाची मुलगी तिला आत्या म्हणायची, म्हणून प्लँटवरचे ड्रायव्हरही तिला आत्याच म्हणायला लागले होते. लग्न मोडून ती माघारी आली त्याला इतकी वर्षं झाली होती, की कुणी त्याबद्दल विचारलं तर म्हणायची, "कुणाचं लग्न?" तेव्हा रिकामी बसून काय करायचं म्हणून या केबिनमध्ये चढली ती चढलीच. काचेची एक खिडकी, तापमानाची सुई, बटणांची रांग आणि तिनं स्वतः शिवलेली उशी. खाली ड्रम फिरायचा, त्यात खडी आणि डांबर एकत्र व्हायचं, आणि आवाज जरा बदलला तरी हिला कळायचं.

दादानं आता ठरवलं होतं की हा डांबराचा प्लँट बंद करून इथे गोदाम करायचं. त्याचंही काही चूक नव्हतं. भिंतीपलीकडे शाळा होती. प्लँट आधी आला की शाळा, यावर तात्या अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याशी हुज्जत घालायचे, पण नगरपालिकेला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. धूर थांबवा, नाहीतर प्लँट थांबवा, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. गोदाम झालं की केबिन पाडणार. मग आत्या कोण? दादाची बहीण. बस्स, एवढंच. त्या विचारानं आत्याला परवापासून जेवण जात नव्हतं.

अशा वेळी दादाच्याच मुलीनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की धूर न करणारा माल मी काढून दाखवते. तिला घरात ठिणगी म्हणत. रस्तेबांधणीचं शिकून आल्यापासून तात्या तिला 'इंजिनीअर' म्हणायला लागले होते, आणि ते काही कौतुकानं नव्हे.

"आत्या, नीट ऐक हां," ठिणगी शिडीवरून वर येत म्हणाली. हातात खडू होता. "जुन्या रस्त्याची खरवड, दुधाच्या पिशव्यांचा चुरा, आणि डांबर निम्मंच. उरलेल्या डांबराच्या जागी कागद कारखान्यातला तो लाकडाचा चीक. हे सगळं कमी आचेवर मिसळतं. जास्त तापवलं तर जळतं. बर्नरचं चाक मी लावलंय आणि तिथे खडूनं खूण केलीय. कुणीही हात लावायचा नाही."

"मी कशाला हात लावू?"

"तू नाही गं. बाकीचे."

"आणि हे नाही जमलं तर?"

"तर सोमवारी निघते. ती दूरची नोकरी आहेच." ठिणगी हसली, पण डोळे काही हसले नाहीत. "मग बाबांनी गोदाम करावं. मी आडवी येणार नाही."

आत्यानं तिच्या गालाला लागलेला खडू पदरानं पुसला. "जमेल," ती म्हणाली. "न जमायला काय झालंय?"

पहिला माल डंपरमध्ये पडला तेव्हा सगळं घर आवारात जमलेलं होतं. पहिलं घमेलं तात्यांच्या हातचं, ही इथली रीत. त्यांनी ते भरून घेतलं, जमिनीवर उलटं केलं आणि वाट बघितली.

धूर नाही. नुसती जराशी वाफ, तीही लाजल्यासारखी.

तात्यांनी नाक पुढे केलं. वास नाही. घशात खवखव नाही. त्यांनी सगळ्यांकडे असं बघितलं, जणू कुणी त्यांची थट्टा करतंय.

"थंड आहे."

"थंड नाही आजोबा, कोमट आहे. तो कोमटच असायला हवा."

"कोमट पाण्यानं आंघोळ करतात, इंजिनीअर! रस्ता करत नाहीत. निळा धूर निघाला की माल तयार. हे मी तुझा बाप रांगत होता तेव्हापासून सांगतोय."

"तात्या म्हणतात ते खरंय," धाकटा रोलरवरून म्हणाला. हा आत्याचा धाकटा भाऊ. रोलर पुढे नेणं आणि मागे आणणं यात उभा जन्म गेल्यामुळे घरातल्या भांडणांतही तो तसाच वागायचा. जो शेवटी बोलला त्याचं खरं.

"काका, तुम्ही तरी! थर्मामीटर लावून बघा."

"हो, ते पण खरंय."

"हा माल माझ्या गल्लीत पडणार नाही," तात्यांनी निकाल दिला. 'माझी गल्ली' म्हणजे फाटकासमोरची, शाळेकडे जाणारी. दुपारी नगरपालिकेच्या रस्ते खात्याच्या बाई तिथेच बघायला येणार होत्या. "फेकून द्या."

"फेकायचा नाही!" ठिणगीचा आवाज चढला. "काका, इथे आवारातच पसरा. वजनकाट्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. दाबून घ्या चांगला."

"बाई गं, माझ्या दारात?" वहिनी म्हणाल्या. ठिणगीची आई त्या. लग्न होऊन आल्यापासून डांबराच्या काजळीशी त्यांचं उभं वैर होतं. गोदामाच्या बाजूनं घरात सर्वांत मोठा आवाज त्यांचाच. "आधीच पडदे धुऊन धुऊन हाताची सालटी निघालीत."

पण धाकट्यानं रोलर सुरू केलासुद्धा. शेवटी ठिणगी बोलली होती ना!

ठिणगी गल्ली झाडून घ्यायला माणसं घेऊन फाटकाबाहेर गेली. आत्या केबिनमध्ये बसून दुसऱ्या मालाची तयारी करायला लागली, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. तात्या गल्लीत सगळ्यांसमोर 'थंड आहे' म्हणाले तर? त्या बाईंच्या देखत? पोरगी सोमवारची वाट बघणार नाही, आज रात्रीच बॅग भरेल. आणि म्हाताऱ्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ कशावरून? इतके रस्ते केले त्यांनी. थोडीशी आच वाढवली तर काय बिघडतंय? अगदी थोडीशी. पोरीच्या भल्यासाठीच ना!

ती शिडीवरून खाली उतरली. इकडेतिकडे बघितलं. बर्नरचं चाक तिनं जरासं फिरवलं. खडूची खूण तशीच राहिली असती तर ठिणगीला लगेच कळलं असतं, म्हणून तिनं ती पदरानं पुसून चाकाच्या नव्या जागेवर दुसरी काढली. खडू तिथेच, खाली पडलेला होता. असा कसा पडला, एवढा विचार करायला तिला सवड नव्हती.

वर येऊन बसली आणि सुई बघितली. सुई चढत होती. चढत चढत ती वर्षानुवर्षं जिथे असायची त्या जागेवर आली. ती ओळखीची जागा बघून आत्याला इतकं बरं वाटलं, की तिनं पिशवीतलं बिस्किट काढून खाल्लं. परवापासून पहिल्यांदाच काहीतरी घशाखाली उतरलं. सुई तिथेही थांबली नाही, अजून चढली. आत्यानं म्हटलं, चढू दे, उतरेल.

तात्या तोवर रुसून खुर्ची घेऊन आवारात आले होते. सगळं आवार खडीनं भरलेलं. खुर्चीचे चारही पाय सारखे टेकतील अशी एकच जागा होती, सकाळच्या मालाचा तो नवा पट्टा. भर उन्हात त्यावर खुर्ची टाकून ते बसले आणि तिथून सगळ्यांना हुकूम सोडायला लागले.

रस्ते खात्याच्या बाई फाटकातून आत यायला आणि दुसरा माल डंपरमध्ये पडायला एकच गाठ पडली.

निळा धूर! दाट, गुबगुबीत, लोळ उठत भिंतीवरून थेट शाळेकडे निघालेला.

"हा बघा!" तात्यांनी खुर्चीवर बसल्या बसल्या मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात माल! जमलं की इंजिनीअरला!"

खोटं कशाला बोला, क्षणभर आत्यालाही आनंदच झाला. मग वास आला. हा डांबराचा वास नव्हता. गॅसवर दुधाची पिशवी चिकटून जळावी तसला घाणेरडा, डोळ्यांत पाणी आणणारा वास. आणि फाटकात बाईंच्या शेजारी उभ्या असलेल्या ठिणगीचा चेहरा तिला काचेतून दिसला. रंगच उडाला होता त्या चेहऱ्याचा.

आत्यानं लाल बटण दाबलं. ड्रम घरघरत थांबला. भिंतीपलीकडे शाळेच्या खिडक्या धडाधड लागायला लागल्या.

"धूर दिसला," बाई म्हणाल्या. बाई पन्नाशीच्या, डोक्यावर हेल्मेट, आवाज एकदम कोरडा. त्यांना ओरडायची गरज पडत नसावी. "मला हे लिहावं लागेल. तुम्हाला कल्पना होती."

ठिणगी तडक बर्नरपाशी गेली. तिच्या मागे दादा, वहिनी, रोलर सोडून आलेला धाकटा, आणि शिडीवरून धडपडत उतरलेली आत्या. ठिणगीनं चाक बघितलं, खूण बघितली, पुन्हा चाक बघितलं.

"खूण बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. "चाक खुणेवरच आहे. म्हणजे माझंच चुकलं. आच मीच चुकीची ठरवली." मग ती वळली. "बाबा, करा तुम्ही गोदाम."

दादा खूश व्हायला हवा होता. इतके दिवस त्याला हेच तर हवं होतं. पण तो मान खाली घालून उभा राहिला. आत्यानं त्याच्याकडे आणि पोरीकडे बघितलं. आता गप्प बसलं तर पोरगी जन्मभर समजणार की आपल्याला काही येत नाही. बोललं तर ती पुन्हा तोंड बघणार नाही. बघू दे नाहीतर नको बघू दे!

"चाक मी फिरवलं," आत्या म्हणाली.

"काय?"

"जरासंच. तात्या लोकांत बोलतील, तुझा अपमान होईल, म्हणून. खूणही मीच पुसली. तुझं काही चुकलेलं नाही."

"तू?" दादा एकदम म्हणाला. "तू कशी? मी फिरवलं होतं!"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याच्या काळ्या पँटला खडूचा पांढरा पंजा उमटलेला होता, तो आता आत्याला दिसला.

"तू तर प्लँट बंद करायला निघाला होतास!" ती म्हणाली.

"ते वेगळं," दादा तांबडा झाला. "प्लँट बंद व्हावा असं मला वाटतं. पण माझ्या मुलीचा माल लोकांसमोर नापास व्हावा असं थोडंच वाटतं? बाप आहे मी तिचा. मीही नवी खूण केली. म्हटलं, हिला कळायला नको."

"पण तू फिरवलंस तेवढं, आणि मी फिरवलं तेवढं..." आत्या मनातल्या मनात सुई मागे नेत होती. "तरीही इतकी आच नाही व्हायची."

"तात्या राहिले की," धाकटा म्हणाला.

"म्हणजे?"

"सगळ्यांत आधी तात्यांनी फिरवलं. मग दादानं. मग तू. मी रोलरवरून तिघांनाही बघितलं."

"अरे मग बोलला का नाहीस?" तिघांपैकी हजर असलेले दोघं एकदम ओरडले.

"मला कुणी विचारलंच नाही. मला वाटलं, तुमचं ठरवून चाललंय."

वहिनींनी कपाळावर हात मारला. "देवा! वरणात तिघांनी मीठ टाकावं तशातली गत. या घरात कुणी कुणाला एक शब्द सांगेल तर शपथ!"

वरात आता आवारातल्या खुर्चीकडे निघाली. तात्यांना सगळं ऐकू गेलेलं होतं, पण ते लांब शाळेच्या गच्चीकडे बघत होते. उजव्या हाताचा अंगठा त्यांनी मुठीत लपवला होता.

"अंगठा दाखवा, तात्या," आत्या म्हणाली.

"कशाला?"

"दाखवा म्हणते ना."

अंगठा खडूनं पांढराफटक झालेला होता. तात्यांनी एकदा त्याच्याकडे, एकदा नातीकडे बघितलं आणि ते उसळले. "फिरवलं! फिरवलं चाक! मग काय करणार? सकाळचा तो माल बघितला होता का कुणी? धूर नव्हता, वास नव्हता, घशाला काही म्हणजे काही झालं नाही! असला कुठे माल असतो?"

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. इतका वेळ त्या चुपचाप हा घरगुती तमाशा बघत होत्या. "सकाळी माल काढला होता तुम्ही?"

"काढला ना! डंपर भरून!"

"मी सकाळपासून शाळेच्या गच्चीवर उभी होते. तुमचा धूर बघायलाच. काही दिसेना, तेव्हा मला वाटलं तुम्ही काम सुरूच केलेलं नाही."

तात्यांनी पुन्हा एकदा शाळेची गच्ची बघून घेतली.

"सकाळच्या मालात आणि आत्ताच्या मालात फरक काय?" बाईंनी ठिणगीला विचारलं.

"माल तोच," ठिणगी म्हणाली. तिचा आवाज अजून ओला होता, पण त्यात थोडी ठिणगी परत आली होती. "मध्ये फक्त आमच्या घरातली माणसं मिसळली."

बाई हसल्या नाहीत, पण हेल्मेट काढून त्यांनी उगाच पुसलं. "मग तो सकाळचा माल कुठे आहे?"

सगळ्यांना ते एकदमच दिसलं. तात्या त्याच्यावरच बसलेले होते. ऊन तापल्यापासून, खुर्चीचे चारही पाय रोवून, हातवारे करत, थापा मारत, त्या मालाच्या नावानं शंख करत ते त्याच मालावर बसलेले होते.

तात्यांनाही ते कळलं. कितीतरी वेळ ते उठलेच नाहीत.

"तात्या," आत्या म्हणाली. आज तिला त्यांचा राग यायला हवा होता, पण आली ती नुसती माया. "उठा आता."

"उठतो. घाई काय आहे?"

अखेर ते उठले. खुर्ची त्यांनी स्वतःच उचलून बाजूला ठेवली. कमरेवर हात ठेवून, सवयीनं, वाकले. सगळं घर त्यांच्यामागे वाकलं. बाईसुद्धा वाकल्या.

काहीही नव्हतं. काळाभोर, सपाट, सलग पट्टा. तात्यांनी खाली बसून, जिथे पाय होते तिथे अंगठा दाबून फिरवला. उमटला तो फक्त खडूचा पांढरा डाग.

"सकाळी मी कपडे वाळत घातले होते," वहिनी मध्येच म्हणाल्या. "आज पहिल्यांदा न झटकता घडी घातली मी त्यांची. मला वाटलं, आज वारा उलटा आहे." त्या दादाकडे वळल्या. "अहो, गोदामवाल्याला सांगा, जरा थांब म्हणावं."

"आता तूही?"

"मी काय? मला पडदे पांढरे राहण्याशी मतलब."

"माझ्या घशाला सकाळी काहीच झालं नाही," तात्या खाली बसूनच म्हणाले, जणू आणखी कुणी तिथे नव्हतंच. "उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. मी समजलो, माल थंड आहे." मग त्यांनी हात वर केला, आणि ठिणगीनं तो धरून त्यांना उभं केलं. बराच वेळ त्यांनी तो सोडला नाही. "खुर्ची घरात न्या," ते म्हणाले.

धाकटा धावतच खुर्ची घेऊन गेला. आत्याला तोंड लपवायला पदर पुरेना.

बाईंनी हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. "आजचा धूर मी लिहिणार. ते चुकणार नाही. पण सकाळी काही दिसलं नाही, तेही लिहिणार. उद्या गल्लीत सकाळच्यासारखा माल घाला. मी गच्चीवर असेन. उद्या धूर दिसला तर मात्र पुढे काही बोलायचं नाही."

"नाही दिसणार," ठिणगी म्हणाली. बाई फाटकापर्यंत पोचल्यावर तिनं खिशातून खडू काढला आणि ती बर्नरकडे निघाली. आत्या तिच्यामागे.

"रागावलीस?" आत्यानं विचारलं.

"खूप. उद्या रागवेन. आज वेळ नाही."

"सोमवारचं काय?"

"सोमवारी गल्लीचा दुसरा भाग आहे ना. तुला काय वाटलं, केबिनमध्ये तुला एकटीला सोडून जाईन? चाकाला हात लावशील परत."

आत्या हसताना रडली की रडताना हसली, तिचं तिलाच कळलं नाही. ठिणगीनं चाक मूळ जागी आणलं, खूण काढायला ओणवी झाली, तेवढ्यात मागून काहीतरी खुळखुळलं. तात्या आले होते. हातात फाटकाचं जुनं पितळी कुलूप होतं आणि एक साखळी.

"खडूनं काय होणार आहे?" ते म्हणाले. "हे लाव चाकाला. किल्ली तुझ्याकडे ठेव. तुझ्या बापाला देऊ नकोस. हिला देऊ नकोस."

"आणि तुम्हाला, आजोबा?"

तात्यांनी पांढरा अंगठा धोतराला पुसला.

"मला तर मुळीच नको," ते म्हणाले. "मी मागितली, ओरडलो, रुसून बसलो, तरी द्यायची नाही. काय समजलीस, इंजिनीअर?"